मोठ्या टायरला कोणते क्राउन-पिनियन? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच अडचणीची आहेत. हौसेने मोठे टायर बसवले, गाडी उंच आणि देखणी झाली, पण तिची ओढ गेली; आता ॲक्सलमधले क्राउन-पिनियन, म्हणजे इंजिनकडून आलेले फिरणे चाकांकडे वळवणारी मोठ्या (क्राउन) आणि लहान (पिनियन) दातेरी चाकांची जोडी, कोणती घ्यावी? त्यांतील पाच प्रश्न निवडून या वेळी सविस्तर उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझ्या फोर-बाय-फोर गाडीला पेट्रोल इंजिन आणि पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स आहे. मूळ टायर २९ इंच व्यासाचे होते आणि ॲक्सलचे गुणोत्तर ३.७३ आहे. ३३ इंचांचे टायर बसवल्यापासून महामार्गावर किरकोळ चढ आला तरी पाचव्यावरून चौथ्यावर यावे लागते. एक मित्र ४.१० घ्यायला सांगतो, दुसरा ४.५६, तर तिसरा ४.८८. नेमके काय घ्यावे?

उत्तर : आधी आकड्याचा अर्थ पाहू, कारण बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. ३.७३ म्हणजे चाकाचा एक फेरा होण्यासाठी पिनियनला ३.७३ फेरे घ्यावे लागतात. क्राउनला ४१ आणि पिनियनला ११ दाते असले की हा आकडा येतो. ४.१० मध्ये दात्यांची जोडी बहुधा ४१ आणि १० अशी असते, ४.५६ मध्ये ४१ आणि ९, तर ४.८८ मध्ये ३९ आणि ८. आकडा जितका मोठा, तितकी चाकाशी मिळणारी ओढ जास्त आणि त्याच वेगाला इंजिनचे फेरेही जास्त. गॅरेजमध्ये मोठ्या आकड्याला ‘खालचा गिअर’ म्हणतात, त्यामुळे ऐकणारा नेमका उलटा अर्थ घेतो. म्हणून सुटे भाग मागवताना ‘खालचा-वरचा’ असे न म्हणता नेहमी आकडाच सांगावा.

टायरचा व्यास वाढतो तेव्हा चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापते आणि इंजिनला तेच वजन अधिक लांब तरफेने ढकलावे लागते. २९ वरून ३३ इंचांवर गेल्यावर प्रत्येक गिअरमध्ये रस्त्यावर पोचणारी ओढ सुमारे १२ टक्क्यांनी घटते. आपल्या गाडीचे ३.७३ आता मूळ टायरच्या हिशेबाने ३.२८ झाले आहे, म्हणजे कोणीतरी रात्रीतून क्राउन-पिनियन बदलून अधिक वेगाचे, कमी ओढीचे बसवावे, तसाच हा प्रकार आहे. मूळ स्थिती परत आणणारे गुणोत्तर काढण्याची रीत सोपी आहे : जुन्या गुणोत्तराला नव्या व्यासाने गुणावे आणि जुन्या व्यासाने भागावे. ३.७३ गुणिले ३३ भागिले २९ केले की ४.२४ येते.

बाजारात बहुतेक ॲक्सलसाठी नेमके ४.२४ मिळत नाही आणि म्हणूनच आपल्या मित्रांचे एकमत होत नाही. ४.१० या आकड्याच्या अलीकडे थांबते, ४.५६ पलीकडे जाते. आमचे मत ४.५६ च्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण असे की वरचा हिशेब केवळ व्यासाचा आहे. ३३ इंचांचा टायर मूळ टायरपेक्षा बराच जड असतो आणि ते वजन परिघाकडे असल्यामुळे त्याला वेग द्यायला इंजिनची शक्ती अधिक लागते. चिखलासाठी बनवलेली जाड नक्षी डांबरावर जास्त विरोध करते. सस्पेन्शन उंचावलेली गाडी वाऱ्याला मोठी छाती देते. आणि मोठे टायर बसवणारा माणूस पुढे लोखंडी बंपर आणि विंचही बसवतोच. यांपैकी एकाही गोष्टीची नोंद त्या गुणाकारात नाही. त्यामुळे हिशेबातून आलेला आकडा ही किमान मर्यादा समजावी, आणि पेट्रोल इंजिन असेल तर त्याच्या लगेच वरचे मिळणारे गुणोत्तर घ्यावे.

हे मत पडताळायला इंजिनचे फेरे काढून पाहू. ताशी किलोमीटरमधील वेगाला २०९ ने, ॲक्सलच्या गुणोत्तराने आणि त्या गिअरच्या गुणोत्तराने गुणून टायरच्या इंचातील व्यासाने भागले की मिनिटाला होणारे फेरे मिळतात. आपला पाचवा गिअर ०.८० चा आहे असे धरले, तर ताशी ९० किलोमीटरला मूळ गाडीचे इंजिन सुमारे १,९३५ फेऱ्यांवर चालत होते आणि आता ते १,७०० वर आले आहे. ४.१० बसवले तर १,८७०, ४.५६ बसवले तर २,०८० आणि ४.८८ बसवले तर २,२२५ फेरे होतील. १,७०० फेऱ्यांवर बहुतेक लहान पेट्रोल इंजिनांमध्ये चढ ओढण्याइतका टॉर्क (फिरवण्याचा जोर) नसतो, म्हणूनच आपला हात वारंवार गिअरच्या दांड्याकडे जातो.

यात एक फार उपयोगाची गोष्ट दडलेली आहे. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर अनेकदा १.०० चा, म्हणजे थेट असतो. आजच्या ३.७३ वर चौथ्यात ताशी ९० ला सुमारे २,१२५ फेरे होतात, आणि ४.५६ बसवल्यावर पाचव्यात २,०८०. म्हणजे ४.५६ घेतल्यावर महामार्गावर गाडी कशी वागेल, हे आज एक पैसाही खर्च न करता पाहता येते : नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या वजनासह, आठवडाभर पाचवा गिअर न टाकता चौथ्यातच गाडी चालवा. इंजिनचा आवाज सोसवला, चढ सहज निघाले, इंधनाचा खप फारसा बिघडला नाही, तर ४.५६ डोळे मिटून घ्यावे. आवाजाने कान किटले आणि आपला बराचसा प्रवास सपाट महामार्गावरचा असेल, तर ४.१० वर समाधान मानावे. ४.८८ चा विचार पुढे ३५ इंचांवर जायचे असेल किंवा गाडी कायम लादलेली आणि डोंगराळ भागात राहणार असेल तरच करावा.

हिशेबापूर्वी टायर मात्र प्रत्यक्ष मोजून घ्या. ३३ असे छापलेला टायर गाडीच्या वजनाखाली आणि योग्य हवेवर बहुधा तेवढा भरत नाही. टायरच्या कडेवर आणि जमिनीवर खडूने खूण करावी, गाडी सरळ पुढे नेत चाकाचे पाच पूर्ण फेरे होऊ द्यावेत, मधले अंतर मोजून त्याला पाचने आणि मग ३.१४ ने भागावे. हा चालता व्यास हिशेबात खरा धरायचा. जुन्या टायरचाही असाच मोजून घेतला, तर तुलना नेमकी होते.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगणे आम्हाला भाग आहे. गुणोत्तर बदलून इंजिनची ओढ परत येते, ब्रेकची येत नाही. लांब तरफ ब्रेकच्याही विरुद्ध काम करते आणि जड चाक थांबवायला अधिक जोर लागतो. पैसा एकाच कामापुरता असेल, तर ब्रेक आधी तपासून घ्यावेत.

प्रश्न : दोन्ही ॲक्सलचे काम एकदम करवून घेण्याची सध्या माझी ऐपत नाही. फोर-व्हील-ड्राइव्ह मी वर्षातून चार-सहा वेळाच वापरतो. सध्या फक्त मागचे क्राउन-पिनियन ३.७३ वरून ४.५६ केले तर चालेल का?

उत्तर : गाडी टू-व्हील-ड्राइव्हमध्ये चालेल, पण ज्या दिवशी आपण फोर-व्हील-ड्राइव्हचा दांडा ओढाल त्या दिवशी काहीतरी तुटेल. ट्रान्स्फर केस म्हणजे गिअरबॉक्सची शक्ती पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी. तिच्यात मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना, नसेल तर ती पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट (ॲक्सलकडे जाणारा फिरता दांडा) एकाच वेगाने फिरवते. मागे ४.५६ आणि पुढे ३.७३ असताना मागच्या चाकाचे १०० फेरे होतात तेव्हा पुढच्या चाकाला १२२ फेरे घेणे भाग पडते. ही तफावत टायर घसरल्याशिवाय भरून निघत नाही. कोरड्या जमिनीवर टायर घसरत नाहीत, म्हणून सगळा ताण शाफ्ट, युनिव्हर्सल जॉइंट आणि ट्रान्स्फर केसच्या चेनवर साचत जातो. चिखलात सुद्धा स्टिअरिंग ऐकेनासे होते. मध्ये डिफरन्शियल असलेल्या कायमस्वरूपी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत तर ही जोडी एक दिवसही ठेवू नये, कारण ते डिफरन्शियल अखंड फिरत राहून झिजेल. वेगवेगळ्या बनावटीच्या ॲक्सलमुळे एकीकडे ४.१० आणि दुसरीकडे ४.११ आले तर काळजीचे कारण नाही. ती तफावत पाव टक्क्याचीही नसते, टायरच्या झिजेत याहून मोठा फरक पडतो.

पैसे साठेपर्यंत मूळ टायर घालून गाडी वापरावी, हाच आमचा सल्ला. तोवर एक चौकशी मात्र करून ठेवा. आकडा मोठा होतो तसा पिनियन लहान होतो आणि त्याला भिडण्यासाठी क्राउनला आत सरकावे लागते; ठराविक आकड्यापलीकडे ते जुन्या कॅरिअरवर (क्राउन ज्यावर बसतो त्या भागावर) जमत नाही आणि कॅरिअर बदलावा लागतो. ही सीमारेषा प्रत्येक ॲक्सलची वेगळी असते. डाना ३० या ॲक्सलमध्ये ३.५४ पर्यंत एक कॅरिअर आणि ३.७३ पासून पुढे दुसरा लागतो. डाना ४४ मध्ये ती रेषा ३.७३ आणि ३.९२ यांच्या मध्ये आहे. त्यामुळे ज्या गाडीत पुढे डाना ३० आणि मागे डाना ४४ आहे, तिथे ३.७३ वरून ४.५६ वर जाताना पुढचा कॅरिअर तसाच राहतो आणि मागचा बदलावा लागतो. काही ॲक्सलसाठी जाड क्राउन बनवून ही अडचण टाळलेली असते. कॅरिअर बदलावाच लागणार असेल आणि कधीतरी लॉकर (ॲक्सलची दोन्ही चाके एकत्र फिरवणारे साधन) बसवण्याचे मनात असेल, तर दोन्ही कामे एकाच वेळी करावीत, कारण हाउसिंग (ॲक्सलचे कवच) उघडून जुळणी करण्याची मजुरी एकदाच पडते.

प्रश्न : माझी डिझेल गाडी आठ गिअरच्या ऑटोमॅटिकची आहे. ३.७३ गुणोत्तर आणि ३१.५ इंचांच्या टायरवरून मी ३५ इंचांवर गेलो आहे. गाडी फारशी मंद वाटत नाही, पण गिअर सारखे वर-खाली होतात. गुणोत्तर बदलायलाच हवे का?

उत्तर : लगेच नको. मूळ स्थितीसाठी आपल्याला ४.१४ लागेल, म्हणजे ४.१० जवळजवळ नेमके बसते. डिझेलचा टॉर्क खालच्या फेऱ्यांवरच मिळत असल्याने पेट्रोलसारखे पुढच्या आकड्यावर जाण्याची गरज नाही, ४.५६ बसवल्यास इंजिन उगाच पळत राहील. आपल्या गाडीतला आठवा गिअर ०.६७ आणि सातवा ०.८४ चा असेल, तर ताशी १०० ला आठव्यात पूर्वी १,६६० च्या आसपास असणारे फेरे आता १,४९० होतात. ते कमी पडले की गिअरबॉक्स सातव्यात येऊन १,८७० फेऱ्यांवर जातो, ओढ मिळाली की पुन्हा आठव्यात चढतो. आपल्याला जाणवणारी वर-खाली ती हीच. गिअर आठ असल्यामुळे मधल्या पायऱ्या जवळजवळ आहेत आणि गाडी निभावून नेते. चार गिअरच्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये हाच टायर असता तर आम्ही वेगळे उत्तर दिले असते.

आधी गाडीच्या संगणकात नव्या टायरचे माप भरून घ्या. चुकीच्या मापामुळे त्याला गाडीचा वेग चुकीचा कळतो आणि गिअर बदलण्याचे सगळे निर्णय त्यावर होतात. कित्येक गाड्यांची वर-खाली एवढ्याने बरीच कमी होते. त्यानंतर लांब चढावर, वजन लादून, गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमान पाहा. टॉर्क कन्व्हर्टरचे (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाने जोडणाऱ्या भागाचे) लॉक पुन्हा पुन्हा सुटले की तेल तापते, आणि ऑटोमॅटिकचे आयुष्य त्या तेलावर अवलंबून असते. तापमान पूर्वीपेक्षा स्पष्टपणे चढत असेल किंवा आपण ट्रेलर ओढत असाल, तर ४.१० बसवा. तसे नसेल तर ते पैसे राखून ठेवा.

प्रश्न : मला वेगात रस नाही, खडकांवरून मुंगीच्या पावलाने गाडी चढवायची आहे. टायर ३३ इंचांचे आणि गुणोत्तर ४.१० आहे. ५.१३ घेतले तर हे साधेल ना?

उत्तर : थोडेसे साधेल, पण खडकांसाठी आपण चुकीच्या जागी हात घालत आहात असे वाटते. सर्वांत हळू चालीसाठी तीन आकड्यांचा गुणाकार पाहावा लागतो : पहिला गिअर, ट्रान्स्फर केसची लो रेंज (हळू चालीसाठीचा जादा गिअर) आणि ॲक्सलचे गुणोत्तर. पहिला गिअर ३.८० आणि लो रेंज २.७२ धरली, तर ४.१० वर गुणाकार ४२ च्या वर येतो आणि ८०० फेऱ्यांच्या आयडलिंगवर गाडी ताशी सुमारे ३ किलोमीटर चालते. ५.१३ केले की गुणाकार ५३ होतो आणि चाल २.४ वर येते. ॲक्सल तसेच ठेवून लो रेंज ४.०० ची केली, तर गुणाकार ६२ होतो आणि चाल २ वर येते. शिवाय हाय रेंजमध्ये (रस्त्यावरच्या नेहमीच्या चालीत) काहीच बदलत नाही, त्यामुळे घरी परतताना इंजिन ओरडत नाही. जीप रँग्लर रुबिकॉन ही खडकांसाठी म्हणून ओळखली जाणारी गाडी ज्या आकड्यांवर उभी आहे ते पाहण्यासारखे आहेत : ॲक्सल ४.१०, लो रेंज ४.००, आणि आठ गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये पहिला गिअर ४.७१, गुणाकार ७७ च्या वर. यात ॲक्सलचा आकडा अगदी सौम्य आहे.

५.१३ च्या पिनियनला साधारणपणे ८ च दाते असतात. पिनियन बारीक, एका वेळी भिडणारे दाते कमी, आणि खडकात अडकलेले चाक एकदम सुटले की बसणारा धक्का त्याच दात्यांवर. लहान ॲक्सलमध्ये आम्ही हा आकडा सुचवणार नाही. दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी : लो रेंज वाढवली की ट्रान्स्फर केसच्या पुढचे सगळे भाग, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, त्यांचे जॉइंट आणि पिनियन, जास्त टॉर्क सोसतात, ॲक्सलचा आकडा मोठा असता तर चाकाशी तेवढीच ओढ मिळवताना शाफ्टवर कमी भार आला असता. याच विचाराचे टोक अमेरिकी सैन्याच्या हमव्हीमध्ये दिसते. तिथे डिफरन्शियल अवघे २.७३ चे आहे आणि उरलेले काम चाकाच्या हबमधील १.९२ चे गिअर करतात, एकूण ५.२४ होते, तरी डिफरन्शियल आणि शाफ्ट हलक्या भारावर फिरतात आणि गाडीचे पोटही उंच राहते.

आपल्यासाठी मार्ग असा : टायर ३३ च राहणार असतील आणि ४.१० वर रस्त्यावरची ओढ समाधानकारक असेल, तर ॲक्सलला हात लावू नका. ट्रान्स्फर केसची लो रेंज बदलण्याचा संच मिळतो का ते पाहा. मिळाला तर शाफ्टचे जॉइंट आधी तपासा आणि खडकात ॲक्सिलरेटरवर पाय हलका ठेवा.

प्रश्न : मोठ्या टायरसाठी मागेपुढे ४.५६ चे क्राउन-पिनियन बसवून घेतले. गाडी जेमतेम २०० किलोमीटर चालली आहे. ताशी ६०-७० च्या दरम्यान ॲक्सिलरेटर सोडला की मागून शिट्टीसारखा आवाज येतो. मिस्त्री म्हणतो, ‘दाते बसले की जाईल.’ शिवाय पूर्वी कमी दाखवणारा स्पीडोमीटर आता जास्त दाखवतो. हे ठीक आहे का?

उत्तर : स्पीडोमीटरचे आधी सांगतो, कारण त्यात काळजीचे काही नाही. आपल्या गाडीत वेगाची खूण ट्रान्स्फर केसच्या मागच्या टोकाशी घेतली जात असावी. टायर २९ वरून ३३ झाले असतील तर स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी ९१ ने जात होती. ३.७३ चे ४.५६ झाल्यावर शाफ्ट पूर्वीपेक्षा २२ टक्के जास्त फिरतो, टायरने मात्र १४ टक्केच भरपाई मागितली होती. म्हणून खऱ्या ८० ला तो ८६ च्या आसपास दाखवेल. गाडीच्या बनावटीप्रमाणे ड्राइव्ह गिअर बदलून किंवा संगणकात दुरुस्ती करून हे ठीक होते. ज्या गाड्यांत वेग चाकांजवळच्या सेन्सरवरून घेतला जातो, तिथे क्राउन-पिनियन बदलल्याने आकडा हलतच नाही. टायरचे माप भरावे लागते.

आवाजाबद्दल मात्र मिस्त्रीचे म्हणणे मान्य करू नका. चांगले क्राउन-पिनियन पहिल्या दिवसापासून जवळजवळ मुके असते. त्यांचे दाते कारखान्यातच एकमेकांवर घासून जोडी म्हणून तयार केलेले असतात. रस्त्यावर चालून ते शांत होत नाहीत, चुकीच्या जागी भिडत असतील तर तिथेच झिजतात आणि मग जुळणी सुधारूनही आवाज जात नाही. २०० किलोमीटर म्हणजे अजून उशीर झालेला नाही.

आवाज ॲक्सिलरेटर दाबल्या-सोडल्यावर बदलतो, म्हणजे तो दात्यांच्या जुळणीचा आहे. बेअरिंगची घरघर सहसा वेगाबरोबर वाढते, पायाबरोबर नव्हे. केवळ पाय सोडल्यावर येणाऱ्या शिट्टीच्या मागे अनेकदा पिनियनच्या बेअरिंगला दिलेला ताण कमी पडलेला असतो किंवा पिनियनची खोली चुकलेली असते. कव्हर उघडून तीन गोष्टी पाहायला सांगा. पिनियन हाताने हलता कामा नये. क्राउन आणि पिनियनमधली मोकळीक, म्हणजे बॅकलॅश, डायल गेजवर मोजावी. अनेक ॲक्सलमध्ये ती ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर असते, पण जोडीबरोबर आलेल्या कागदावरचा आकडाच प्रमाण मानावा, आणि क्राउन फिरवून तीन-चार जागी मोजावी. मग दात्यांना खुणेचा रंग लावून ठसा पाहावा. ठसा दात्याच्या टोकाकडे पडत असेल तर पिनियन क्राउनपासून दूर आहे आणि बुडाशी पडत असेल तर फार जवळ आहे. दोन्हींवर उपाय पिनियनखालच्या शिमची (पातळ चकतीची) जाडी बदलणे हाच आहे, आणि त्यासाठी पिनियन बाहेर काढावाच लागतो. नुसती बॅकलॅश कमी-जास्त करून आवाज दाबण्याचा सोपा मार्ग मिस्त्रीने धरला तर त्याला थांबवा.

जुळणी नीट झाल्यावर पहिल्या दिवशी १५-२० मिनिटे हलकी चाल ठेवावी आणि हाउसिंगला हात लावता येईल इतके थंड होऊ द्यावे. असे दोन-तीन वेळा करावे. नवे दाते आणि नवे बेअरिंग सुरुवातीला भरपूर तापतात, मोठे टायर त्यात भर घालतात, आणि तापून तेल पातळ झाले की कठीण केलेल्या दात्यांचा पृष्ठभाग मऊ पडतो. पहिले ८०० किलोमीटर ट्रेलर ओढू नये, जोरात गाडी पिटाळू नये, आणि त्यानंतर तेल बदलावे. काढलेल्या तेलाच्या प्लगवरील चुंबकाला राखाडी, मऊ लेप लागलेला असेल तर ती नेहमीची झीज आहे. बोटांना टोचणारा धातूचा एखादा कपचा सापडला, तर कव्हर पुन्हा उघडल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नका.